पातळ थराचे बळ

दोन वस्तू एकमेकींना जोडावयाच्या झाल्यास मनुष्य पूर्वापार तीन उपाय योजीत आला आहे: शिवणे, ठोकणे आणि चिकटविणे. यांपैकी पहिल्या दोहोंवर आपला जेवढा विश्वास आहे, तेवढा तिसऱ्यावर नाही. टाका दिसतो, खिळा दिसतो. चिकटविलेला सांधा मात्र डोळ्यांना दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते केव्हा दगा देईल अशी शंका मनाला वाटत राहते. आपल्या बोलण्यातही ही शंका उतरली आहे. तात्पुरत्या, वरवरच्या कामाला आपण ‘कसेतरी चिकटवून दिले’ असे म्हणतो.

वस्तुतः आज आपले बरेचसे जगणे या अदृश्य सांध्यांवर चालले आहे. आम्ही राहतो ते ओकव्हिल हे गाव ओन्टारिओ सरोवराच्या काठी, टोरोंटोच्या पश्चिमेस आहे. जानेवारीत येथे पारा शून्याच्या बराच खाली उतरतो. अशा सकाळी शाळेत निघालेल्या मुलाकडे पाहावे. त्याच्या जाकिटाचे पाणी न शिरणारे कापड दोन-तीन पदर चिकटवून झालेले असते. त्याच्या बुटाचा तळ वरच्या भागाला चिकटविलेला असतो. ज्या मोटारीत तो बसतो तिची समोरची काच ही एक नसून चिकटविलेल्या दोन काचा असतात, आणि ती काच चौकटीत बसविलेली असते तीही चिकटद्रव्यानेच. 1953 साली आमच्या गावात फोर्ड कंपनीचा मोटारींचा कारखाना सुरू झाला व गावाचे रूप पालटले. त्या कारखान्यामुळे नावारूपास आलेल्या या गावात बसून चिकटविण्याच्या कलेला क्षुद्र मानणे कृतघ्नपणाचे होईल.

मी शिक्षिका आहे. अध्यापनाचे शिक्षण घेताना ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ व ‘मूर्ताकडून अमूर्ताकडे’ ही सूत्रे आमच्याकडून घोटून घेतलेली होती. देश बदलला तरी ती बदलली नाहीत. म्हणून सहावीच्या वर्गात हा विषय निघाला तेव्हा मी फळ्यावर काही लिहिले नाही. मुलांना आइसक्रीमच्या लाकडी काड्या व पांढरा गोंद दिला. अर्ध्या मुलांनी दोन काड्यांच्या मध्ये गोंदाचा चांगला जाड गोळा ठेवावा, उरलेल्यांनी कुंचल्याने अगदी पातळ हात फिरवून काड्या दाबून बांधाव्यात, असे ठरले. कोणता सांधा बळकट ठरेल, असे विचारताच वर्गातील बहुतेक हात जाड थराच्या बाजूने वर गेले. मुलांचा तर्क सरळ होता: गोंद बळ देतो, तर अधिक गोंद अधिक बळ देईल.

दुसऱ्या दिवशी जोडलेल्या काड्यांना पिशवी टांगून तीत एकेक पुस्तक घातले. जाड थराच्या काड्या एकामागून एक सुटल्या; त्यांच्या मधोमध गोंद अजून ओला होता. पातळ थराच्या काड्यांपैकी काही सुटल्याच नाहीत, लाकूडच मोडले. मोडलेल्या लाकडाचा तो तुकडा हातात घेऊन एका मुलाने विचारले, “म्हणजे गोंद लाकडापेक्षा बळकट आहे का?” त्या प्रश्नाचे उत्तर द्यावयास मला पुढचे दोन तास लागले.

गोंद स्वतः लाकडापेक्षा बळकट असेलच असे नाही. बळ असते ते स्पर्शात. कोणत्याही दोन पदार्थांचे रेणू पुरेसे जवळ आले की एकमेकांना ओढतात. परंतु हे ओढणे अतिशय अल्प अंतरावर चालते, साधारणतः एका नॅनोमीटरच्या आत, आणि एका मिलिमीटरमध्ये असे दहा लाख नॅनोमीटर असतात. आपल्या हाताला गुळगुळीत लागणारे लाकूड वा कागद त्या मापाने पाहिल्यास डोंगरदऱ्यांचा प्रदेशच असतो. दोन काड्या नुसत्या एकमेकींवर ठेवल्या तर शिखरे तेवढी टेकतात, दऱ्या रिकाम्याच राहतात. चिकटद्रव्याचे पहिले काम म्हणजे द्रवरूपाने पसरून त्या दऱ्यांत शिरणे व पृष्ठभाग पूर्णपणे भिजविणे. दुसरे काम म्हणजे त्यानंतर घट्ट होणे. खळीतील पाणी उडून जाते, रबराच्या द्रावणातील द्रावक उडून जातो, उष्णतेने वितळविलेले द्रव्य थंड होते, आणि दोन भाग मिसळून वापरावयाच्या द्रव्यात रासायनिक क्रिया घडते. मार्ग निराळे असले तरी आधी वाहणे व मग थांबणे हा क्रम सर्वांचा एकच.

एवढे समजले म्हणजे पातळ थराचे रहस्य उलगडते. पृष्ठभाग भिजून गेल्यावर वर जो गोंद उरतो तो जोडण्याच्या कामाचा नसतो. त्यात हवेचे बुडबुडे अडकतात, पाणी बाहेर पडावयास वाट राहत नाही, वाळताना तो आकसतो व स्वतःच्याच अंगात ताण निर्माण करतो. बुडबुडा वा भेग ही प्रत्येक तुटण्याची सुरुवात असते, आणि जाड थरात अशा सुरुवाती पुष्कळ असतात. पातळ थर दोन्ही बाजूंच्या घट्ट पृष्ठभागांमध्ये असा जखडलेला असतो की त्याला ताणावयास वा फाटावयास फारसा अवकाशच मिळत नाही. अर्थात यालाही सीमा आहे. थर इतका पातळ झाला की दऱ्या भरावयास द्रव्यच उरले नाही, तर सांधा उपाशी राहतो. आणि कापडासारखा सच्छिद्र पदार्थ तर द्रव्य पिऊनच टाकतो. लाकडासारख्या कामात चांगला थर बहुधा एक दशांश मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे वहीच्या एका पानाएवढा.

थर बसला तरी तो कोणत्या दिशेने ओढला जाणार हे पाहावे लागते. जखमेवरची पट्टी त्वचेला समांतर ओढून पाहा, ती हलत नाही. तीच एका कोपऱ्याने उचला, सहज निघते. समांतर ओढताना सर्व जागा मिळून भार वाहते. सोलताना मात्र सगळा भार एका रेषेवर पडतो. ती रेषा सुटली की पुढची. लाकूड व धातू ताठ असल्यामुळे सहसा सोलले जात नाहीत. कापड व कागद हे लवचीक असल्यामुळे त्यांच्यावर सोलण्याचाच प्रसंग येतो. म्हणून लाकडाला कडक द्रव्य चालते, कापडाला मात्र आपल्याबरोबर वाकेल व ताणेल असे मऊ द्रव्य लागते. आपल्या सेफेर तोराच्या चामड्याची पाने शुद्ध जनावराच्या स्नायूंच्या दोऱ्यानेच शिवावी लागतात, ती चिकटवून जोडणे मान्य नाही. फाटलेल्या जागी मागून ठिगळ चिकटविण्यास मात्र परवानगी आहे. सतत गुंडाळल्या व उलगडल्या जाणाऱ्या वस्तूविषयीचा हा नियम वाचताना माझ्यातील शिक्षिकेला नेहमीच या सोलण्याच्या गोष्टीची आठवण होते.

कापडावर कापड चिकटविण्याचा मोठा उद्योग प्रथम स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिन्टॉश याने उभा केला. 1823 साली त्याने डांबरापासून निघणाऱ्या नॅफ्था नावाच्या तेलात रबर विरघळवून ते दोन कापडांच्या मध्ये लावले व दाबले. मधला थर पाणी अडवी आणि चिकटपणा आतल्या आत राही. त्या रेनकोटाला कित्येक वर्षे मॅकिन्टॉश असेच म्हणत. तरी ते रबर उन्हात लिबलिबीत व थंडीत ताठ होई. 1839 मध्ये चार्ल्स गुडइयर याला गंधकासह रबर तापविण्याची युक्ती सापडल्यानंतर हा दोष गेला. पुढे 1969 साली अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉन झटक्यात ताणून त्याचा सूक्ष्म छिद्रांचा पडदा बनविला. ती छिद्रे पाण्याच्या थेंबाला अडवितात पण घामाची वाफ बाहेर जाऊ देतात. मौज अशी की टेफ्लॉनला सहसा काहीच चिकटत नाही, म्हणून तर आपण त्याचा तवा वापरतो. येथे मात्र छिद्रांतूनच चिकटद्रव्य आत शिरते व पडदा कापडाला धरून बसतो. द्रव्य सर्वत्र फासले तर वाफेची वाट बंद होईल, यासाठी ते ठिपक्याठिपक्यांनी लावतात.

हीच ठिपक्यांची युक्ती तुमच्या सदऱ्याच्या कॉलरमध्येही आहे. पूर्वी शिंपी कॉलरमध्ये बक्रम घालून शिवीत असत. आता अस्तराच्या कापडावर उष्णतेने वितळणारे बारीक ठिपके असतात. यंत्राखाली ठराविक उष्णता, ठराविक दाब व काही सेकंदांचा वेळ दिला की ते वितळून वरच्या कापडात शिरतात आणि निवताच धरतात. ठिपक्यांच्या मधले कापड मोकळे राहते, म्हणून कॉलर ताठ राहूनही वळते. तीनपैकी एक गोष्ट जरी उणी पडली तरी दोन-चार धुण्यांनंतर कॉलरवर फुगे येतात.

लाकडाच्या कामाचा विचार केला तर आपल्या पिढीने एक स्थित्यंतर पाहिले. आमच्या वाडवडिलांच्या वेळचे सुतार जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस डब्यात उकळीत, आणि त्याच्या वासाने आळी भरून जाई. 1959 साली मुंबईत बलवंत पारेख यांनी फेव्हिकॉल बाजारात आणले आणि शेगडी विझली. दुधासारखे पांढरे दिसणारे ते द्रव्य म्हणजे पाण्यात मिसळलेले कृत्रिम राळेचे सूक्ष्म कण. पाणी लाकडात शोषले जाते, कण एकमेकांना भिडतात आणि पारदर्शक थर उरतो. दुसऱ्या महायुद्धात तर टोरोंटोजवळच्या डाउन्सव्ह्यू येथे लाकडाचे पातळ थर चिकटवून मॉस्किटो नावाची हजाराहून अधिक लढाऊ विमाने बांधली गेली.

परंतु मला सर्वांत अधिक शिकविले ते काचेने. सुरक्षित काचेची कल्पना फ्रान्समधील एदुआर बेनेदिक्तुस यांची. पहिल्या काचांत सेल्युलॉइडचा थर असे आणि तो उन्हाने पिवळा पडे. 1927 च्या सुमारास कॅनडातील हॉवर्ड मॅथेसन व फ्रेडरिक स्किरो या रसायनज्ञांनी पॉलिव्हिनिल ब्यूटिरल ही राळ शोधून काढली. आजही मोटारीच्या दोन काचांमध्ये तिचाच सुमारे पाऊण मिलिमीटर जाडीचा पापुद्रा असतो. काच फुटली तरी तुकडे त्याला चिकटून राहतात आणि बसलेल्याचे डोके बाहेर फेकले जात नाही. आता कोणालाही वाटेल की हा पापुद्रा काचेला जितका घट्ट चिकटेल तितके उत्तम. प्रत्यक्षात कारखान्यात ती पकड मुद्दाम मर्यादेत ठेवतात. पकड फार घट्ट असेल तर काचेला तडा जाताच तो तडा पापुद्र्यातही शिरतो व पापुद्रा फाटतो. थोडी सूट असेल तर पापुद्रा तुकड्यांपासून किंचित सुटतो, ताणला जातो, आणि ताणता ताणता आघात गिळून टाकतो. कमाल पकड व योग्य पकड या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे येथे प्रथम नीट ध्यानात आले.

हा विचार माझ्या घरात कसा उपयोगी पडला ते सांगावयाचे आहे. माझ्या आजीची एक गाण्यांची वही आमच्याकडे आहे. रेवदंड्याची आजी, हळदी-मेंदीला, बारशाला आमच्या बायका जी मराठी गाणी म्हणत, ती तिने शाईने उतरून ठेवली होती. योसेफाची, मोशेची, एलियाहू हन्नाबीची गाणी. वही रेवदंड्याहून मुंबईला आली, मुंबईहून येथे आली. मधल्या काळात, 1970 च्या सुमारास, माझ्या धाकट्या काकांनी मोठ्या मायेने तिची फाटलेली पाने सेलोटेपने जोडली. त्या वेळी घरोघरी हेच करीत, आणि ती पट्टी नसती तर कदाचित पानेच उरली नसती.

ही पट्टी 1930 साली अमेरिकेतील रिचर्ड ड्र्यू यांनी काढली. दाबताच धरणारी, पाणी नको, उष्णता नको. मात्र तिच्यावरचे द्रव्य कधीच पुरते घट्ट होत नाही. वाहणे चालूच राहते. वर्षे लोटली की ते हवेतील प्राणवायूने बदलते, तेलासारखे होऊन कागदात उतरते, शाईला आपल्याबरोबर पसरविते, आणि शेवटी तपकिरी होऊन कडक बनते. तोवर वरची पट्टी गळून पडलेली असते. आजीच्या वहीत जेथे जेथे पट्टी होती तेथे तेथे आता तपकिरी पट्टे होते, आणि योसेफाला भाऊ विकतात त्या गाण्यातील चार ओळी त्या पट्ट्यांखाली गेल्या होत्या.

मी ती वही टोरोंटोतील एका ग्रंथदुरुस्ती करणाऱ्या बाईंकडे नेली. त्यांनी मंद उष्णतेने उरलेल्या पट्ट्या उचलल्या, वरचा चिकट थर रबराने हलकेच खरवडला. डाग काढावयास द्रावक लागले असते आणि त्यात शाईही गेली असती, म्हणून डाग तसेच ठेवावेत असे आम्ही ठरविले. नंतर त्यांनी फाटलेल्या जागी कोझो नावाच्या झाडाच्या लांब तंतूंचा अत्यंत विरळ जपानी कागद खळीने चिकटविला. मी विचारले, “याहून बळकट काही नाही का?” त्या म्हणाल्या, “आहे, पण ते आम्ही वापरीत नाही. दुरुस्ती नेहमी कागदापेक्षा थोडी दुबळी असावी. उद्या पान ओढले गेले तर आमचा सांधा सुटावा, तुमच्या आजीचे पान फाटू नये. आणि कोणाला ही दुरुस्ती काढावीशी वाटली तर ती थोड्याशा पाण्याने निघाली पाहिजे.” मोटारीच्या काचेचा धडा पुन्हा समोर उभा राहिला.

त्यांची खळ पाहून तर मला हसू आले. त्या मैदा वापरीत नाहीत, गव्हाचे निव्वळ सत्त्व वापरतात. मैद्यातील प्रथिने जुनी झाली की कडक होतात व किड्यांना आमंत्रण देतात, म्हणून ती आधी धुऊन काढलेली असतात. हे सत्त्व म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आपला गव्हाचा चीक! गहू भिजत घालावे, वाटावे, गाळावे, खाली बसलेले पांढरे सत्त्व घ्यावे, ही कृती रोश हाशानाच्या हलव्यासाठी आपल्या घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. चीक, चिकट, चिकटणे, हे शब्दच आपल्या भाषेने एका घरात ठेवले आहेत. एक वाटी चिकाला चार-पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळीत राहावे. दूधट पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली की उतरावे, निवल्यावर फडक्यातून गाळावे आणि सायीइतके पातळ करून कुंचल्याने लावावे. वर टिपकागद व वजन ठेवून रात्रभर राहू द्यावे.

एक सूचना मात्र आवश्यक आहे. गव्हाची खळ ही हामेस आहे. मिश्नेच्या पेसाहीम भागात पेसाहसाठी घरातून काढावयाच्या वस्तूंची जी यादी आहे, तीत बाबिलोनचे कालवण, मेदियाचे मद्य यांच्याबरोबर लेखनिकांच्या खळीचाही उल्लेख आहे. म्हणजे पान पानाला चिकटविण्याचे हे काम आपल्या पूर्वजांच्या घरात नित्याचे होते. तेव्हा उरलेली खळ पेसाहपूर्वी बाहेर जावी.

वाचकहो, हे सर्व लिहिण्याचे कारण असे की अशी वही, एखादी मराठी हाग्गादा, जुनी केतुबा वा आजोबांचे पत्र तुमच्यापैकी अनेकांच्या कपाटात असेल. तिला सेलोटेप लावू नका. टिकावी म्हणून ती प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून घेण्याचा मोहही टाळा. त्यात उष्णतेने वितळलेला थर कागदाच्या तंतूंत शिरतो आणि पुन्हा सुखरूप निघत नाही. दुरुस्ती जमत नसेल तर वही स्वच्छ कागदात गुंडाळून कोरड्या जागी सपाट ठेवा, आणि प्रत्येक पानाचे छायाचित्र आजच काढा. शाईने लिहिलेल्या पानाला तर पाण्याची खळ लावण्यापूर्वी जाणकाराला विचारलेच पाहिजे, कारण काही शाई पाण्याने फुटते.

डागाखाली गेलेल्या चार ओळींपैकी दोन माझ्या अश्दोदच्या मावशींनी दूरध्वनीवर गाऊन सांगितल्या. त्या नव्वदीच्या घरात आहेत. बोलताना त्यांना शब्द आठवत नव्हते, गाऊ लागल्यावर आठवले. उरलेल्या दोन ओळी कोणालाच येत नाहीत. योसेफाला खड्ड्यातून वर काढल्यानंतर आणि व्यापाऱ्यांच्या हाती देण्यापूर्वी त्या येतात. तुमच्या घरातील कोणा वडीलधाऱ्या बाईला हे गाणे येत असेल, तर तिला ते गावयास लावावे आणि कृपया बुलेटिनच्या पत्त्यावर कळवावे. वहीत तेवढी जागा मी कोरी ठेविली आहे.